बाटलीतलं तेल आणि भावाचं तूप

परवा पुण्याच्या दवाखान्यात बाकावर नंबरची वाट पाहत बसलो होतो. शेजारी एक बाई होत्या, कामशेतकडच्या असाव्यात. त्यांच्या मुलाच्या रक्तात चरबी जास्त निघाली होती आणि डॉक्टरांनी त्याचं तूप, लोणी, साय, वनस्पती तूप, खोबरं सगळं बंद केलं होतं. माझ्या हातात तसाच कागद बघून त्यांनी विचारलं, "तुम्ही कसे राहता असं? माझं पोर जेवणावर रागच धरून बसलंय." मी सांगायला सुरुवात केली आणि माझं नाव पुकारलं गेलं. बाहेर आलो तर त्या निघून गेल्या होत्या. त्यांना सांगायचं राहिलं ते इथे लिहितो.

मी काही जाणकार नाही. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मीच पहिला, त्यामुळे लिहिण्यात चुका असतील. पण एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. या आजारात माणूस घाबरतो, कंटाळतो, हे मला सगळ्यांनी सांगितलं होतं. माणूस जळतो, हे कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्याच्या ताटाकडे बघून आतल्या आत जळतो, आणि ते ताट सख्ख्या भावाचं असेल तर जास्तच.

टाचा

आमची वाडी वलवणच्या धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पदरावर आहे. घरात आई, मी आणि माझ्याहून लहान भाऊ किसन. वडील आम्ही शाळेत असताना गेले. भाताचा भारा डोक्यावर घेऊन चढ चढत होते. मध्येच भारा खाली ठेवला, त्याला टेकून बसले, आणि उठलेच नाहीत. त्या वेळी कुणी त्याला आजार म्हटलं नाही. काम फार झालं, एवढंच म्हणाले.

आमच्या दोन म्हशी आहेत. आई घरी तूप कढवायची आणि लोणावळ्यातल्या बंगल्यांवर नेऊन द्यायची. घरात सगळीकडे तुपाचा वास असायचा, पण तूप नसायचं. आम्हा भावांच्या वाट्याला तळाची बेरी यायची, तीही भांडून. आमच्या भाजीत, चटणीत पडायचं ते खुरासणीचं तेल. खुरासणी, म्हणजे कारळं, आम्ही माळावर पेरतो. तिच्या तेलाचा वास कपड्यांना लागतो. तळेगावच्या कॉलेजात पहिल्या दिवशी डबा उघडला तेव्हा शेजारचा मुलगा जरा सरकून बसला. त्यानंतर मी डबा एकटाच खायचो.

किसननं शाळा सोडून रेल्वेच्या गँगमध्ये काम धरलं. खंडाळ्याच्या घाटात रुळांखालची खडी सारखी करायची, पहार चालवायची. त्याचा पगार यायला लागला तेव्हा आई एका सकाळी म्हणाली, "आता बंगल्यावर तूप देणं बंद. माज्या पोरांनी लय दिस नुसता वास घेतलाय." त्या दिवशी आमच्या दोघांच्या भातावर पहिल्यांदा तूप पडलं. मी कॉलेजातही पोळीला तूप लावून डबा न्यायला लागलो आणि तो सगळ्यांच्यात बसून खायला लागलो.

हे सुख एक पावसाळाही टिकलं नाही.

गाडीतून उतरून वाडीचा चढ चढताना माझी छाती आवळून यायची. कुणीतरी दोरानं बांधल्यासारखी. जरा उभं राहिलं की सुटायची. मी ते कुणाला सांगितलं नाही. कॉलेजात छात्रसेनेसाठी तपासणी होती. तिथल्या डॉक्टरांनी छाती तपासली, मग माझ्या पायांकडे बघत राहिले. म्हणाले, "या टाचेवरच्या गाठी कधीपासून आहेत?"

टाचेच्या वर जी जाड शीर असते तिच्यावर माझ्या दोन्ही पायांना टणक गाठी आहेत. कोपरांवरही आहेत, थोड्या पिवळसर. मी म्हणालो, "घट्टे आहेत. लहानपणापासून डोंगरात चालतो."

"घट्टे नाहीत हे," ते म्हणाले. "घरात कुणी अचानक गेलंय का?"

घरी येऊन आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. "तुज्या बाच्या टाचा बी अशाच हुत्या," ती म्हणाली. "मी रोज तेल लावून चोळायची. घट्टे म्हणूनच चोळायची."

शेजारची खाट

पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात मला ठेवून घेतलं. रक्त काढलं, छातीचा आलेख काढला, चालवून बघितलं, पुन्हा रक्त काढलं. डॉक्टरांनी सांगितलं ते असं: माझ्या रक्तात चरबी फार आहे, ती मी खाल्ल्यामुळे झालेली नाही, जन्मतः रक्तातच तसं आहे, वडिलांकडून आलंय. पण मी जे खातो त्यानं ती वाढते किंवा थोडी उतरते. गोळ्या देऊ. चढ सावकाश चढायचा. आणि जी चरबी गोठते ती आयुष्यभर बंद.

"आयुष्यभर" हा शब्द ऐकल्यावर मला मरणाची भीती वाटायला हवी होती. मला आठवलं ते आमच्या घरातलं तुपाचं गाडगं. मी मनात हिशेब केला की ते आता एकट्या किसनचं झालं.

शेजारच्या खाटेवर तळेगावचे एक गुरुजी होते, हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आलेले. सकाळी नर्सबाई ताप बघून जायच्या, मग चहा, मग डॉक्टरांची फेरी, आणि दुपारी डब्यांची वेळ. ती सगळ्यात वाईट. मला दवाखान्याचा मिळमिळीत भात आणि बिनफोडणीची आमटी यायची. गुरुजींची सून घरून वरणभात आणायची. डबा उघडला की तुपाचा वास थेट माझ्या उशीपर्यंत यायचा. मी भिंतीकडे तोंड करून पडायचो. पण भिंतीकडे बघणाऱ्या माणसालाही मागचं दिसतं. गुरुजींच्या पोटाला टाके होते, वय झालेलं, तरी मला वाटायचं की या माणसाशी मी आत्ता जागा बदलीन.

एका दुपारी ते म्हणाले, "अरे बाळ, तू असा पाठ करून पडतोस, आणि मला घास उतरत नाही."

मी म्हणालो, "तुम्ही जेवा गुरुजी. मला काही नाही."

"काही नाही कसं? तुझी पाठ बोलते." मग त्यांनी सुनेला हळूच सांगितलं, "उद्यापासून तूप भाताच्या खाली घालत जा. वर दिसायला नको."

दुसऱ्या दिवशी तिनं तसं केलं. वास यायचा तो आलाच. पण माझ्यासाठी कुणीतरी तूप लपवतंय, या गोष्टीचं मला भिंतीकडे तोंड करून हसू आलं. दवाखान्यात तेवढं एकदाच हसलो.

औषधाची बाटली

घरी सोडायच्या दिवशी दवाखान्यातल्या आहाराच्या बाई माझ्याकडे आल्या. शांत बोलायच्या. त्यांनी मला औषधाची एक रिकामी बाटली दिली. तिला कंपाउंडर डोसांसाठी लावतात तशी कातरलेली कागदाची पट्टी चिकटवलेली होती. सोबत करडईच्या तेलाचा डबा. म्हणाल्या, "रोज सकाळी या दुसऱ्या खुणेपर्यंत तेल मोजून भरायचं. दिवसभरात हेच तेल. रात्रीपर्यंत पुरलं पाहिजे, आणि उरलं तरी चालेल. पण यापेक्षा जास्त नको. हे पातळ राहणारं तेल तुझ्या रक्ताला चालतं. समजलं?"

मी "हो" म्हणालो. मला समजलं नाही असं म्हणायची माझी कधी हिंमतच होत नाही. वर्गातही होत नाही. सगळ्यांना कळलंय आणि आपल्यालाच नाही, असं वाटतं.

घरी आल्यावर आईनं बाटली हातात घेतली. आमच्या घरात अशी पट्टीची बाटली आली की ती देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ठेवायची आणि सकाळ-संध्याकाळ त्यातलं घ्यायचं, एवढंच आम्हाला ठाऊक. आईनं विचारलं, "किती येळा द्यायचं?"

मी म्हणालो, "दिवसभरात दोन खुणा."

"म्हंजी एक सकाळी, एक सांजच्याला."

मला ते बरोबर वाटलं. अगदी मनापासून बरोबर वाटलं.

तेव्हापासून आई मला रोज सकाळी वाटीतून एक खूण तेल पाजायची आणि संध्याकाळी दुसरी. वर गुळाचा खडा. किसन चुलीपुढे बसून बघायचा. "दादा, तुला वंगण घालत्यात रे," म्हणायचा. "आमच्या रुळांच्या सांध्यांना घालत्यात तसं. आता गाडी खडखडायची न्हाई."

तूप मी बंद केलं होतं. पण बाकी स्वयंपाक नेहमीचाच होता. भाजी वनस्पती तुपात, कारण बंगल्यावाल्यांचं बघून आईनं ते आणायला सुरुवात केली होती. चहात म्हशीचं सायीसकट दूध. मी रसायनशास्त्राच्या पुस्तकात संतृप्त आणि असंतृप्त स्निग्ध पदार्थ वाचले होते. एकात साखळीचे सगळे हात भरलेले, दुसऱ्यात काही जोड दुहेरी, म्हणून तो थंडीत घट्ट होत नाही. परीक्षेत मी ते लिहिलं होतं आणि चांगले गुण मिळवले होते. मला वाटलं, हे असंतृप्त तेल पोटात गेलं की आधीच्या चरबीला धुऊन काढत असणार. जितकं प्यावं तितकं चांगलं. एकदा घरी भजी झाली तेव्हा मी चार खाल्ली आणि संध्याकाळी अर्धी खूण जास्त प्यायलो. फिटलं, असं वाटलं.

त्याच दिवसांत किसनचं जेवण म्हणजे माझी शिक्षा झाली होती. घाटातून तो भुकेनं कावलेला यायचा. ताटात भाताचा डोंगर, त्यावर तुपाची धार, वर लोणच्याची फोड. डोळे मिटून खायचा. मी माझ्या ताटात बघत त्याचे घास मोजायचो. तो जेवून ढेकर द्यायचा तेव्हा मला उठून जावंसं वाटायचं. एकाच आईबापाची पोरं आम्ही. त्याच बापाच्या रक्तातलं वाईट माझ्याकडे आलं, आणि दांडगं शरीर त्याच्याकडे गेलं. कुणी विचारलं असतं की तुला आजाराचं जास्त दुःख आहे की किसनच्या ताटाचं, तर मला खरं उत्तर देता आलं नसतं.

जागा

पुढच्या तपासणीला रक्त जराही उतरलेलं नव्हतं. थोडं चढलंच होतं, आणि वजनही वाढलं होतं. डॉक्टरांनी मला आहाराच्या बाईंकडे पाठवलं. बाईंनी सावकाश सगळं विचारलं. सकाळी काय खातोस, भाजी कशात, दूध कसलं. मी सगळं सांगितलं. शेवटी म्हणालो, "आणि तेल रोज घेतो बाई. एकदाही चुकवलं नाही."

"घेतो म्हणजे?"

"म्हणजे पितो. सकाळी एक खूण, संध्याकाळी एक."

बाईंनी डोक्याला हात लावला. हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. डोक्यावरचा हात खाली घेऊन म्हणाल्या, "चूक माझी आहे. औषधाच्या बाटलीतून दिलं की माणूस औषधच समजणार."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी इथे मुद्दाम लिहितो, कारण माझ्यासारखे आणखी असतील.

"हे तेल औषध नाही. ते काही धूत नाही, काही बाहेर काढत नाही. ते फक्त जागा घेतं. तुझ्या दिवसाच्या जेवणात चरबीसाठी एक लहानशी जागा आहे, या दोन खुणांएवढी. त्या जागेवर तूप किंवा वनस्पती बसलं की रक्त बिघडतं. पातळ तेल बसलं की कमी बिघडतं. पण वनस्पती उठल्याशिवाय तेलाला बसायला जागा कुठली? तू दोघांनाही बसवलंस. गर्दी झाली."

मी विचारलं, "मग मी तेल जास्त घेतलं तर?"

"तर फक्त जाड होशील. रोज जेवढं ठरलंय तेवढंच, आणि भाजी, आमटी, चटणी सगळी त्यातूनच. सकाळी बाटली भरायची ती पिण्यासाठी नाही, माप लक्षात राहावं म्हणून. संध्याकाळी बाटलीत बघितलं की दिवस कसा गेला ते कळतं."

मी भीत भीत विचारलं, "आमच्याकडे खुरासणीचं तेल असतं. ते चालेल का? त्याला वास येतो."

"थंडीत गोठतं का?"

"नाही. कधीच नाही."

"मग उत्तम आहे. करडईसारखंच. विकत कशाला आणतोस?"

ज्या वासामुळे मी वर्षभर एकटा जेवलो होतो, तेच तेल मला आयुष्यभरासाठी नेमून दिलं गेलं. येताना गाडीत मला त्याचाही राग येत होता. तुपापर्यंत पोचायला आमच्या घराला इतकी वर्षं लागली, आणि मला पुन्हा मागे पाठवलं.

आईला समजावून सांगायला मी एक युक्ती केली. पौषातली थंडी होती. आमच्याकडे तेव्हा पहाटे गवतावर हात ठेववत नाही. मी चार वाट्या घेतल्या. एकीत तूप, एकीत वनस्पती, एकीत खोबरेल, एकीत खुरासणीचं तेल. ओट्यावर ठेवून दिल्या. सकाळी आईला दाखवलं. तीन दगडासारख्या झाल्या होत्या. खुरासणीचं तेल वाटी कलती केली की वाहत होतं.

आईनं बोटानं एकेक वाटी दाबून बघितली. "तुज्या बाच्या अंगात हे असं गोठलं असंल," ती म्हणाली. वनस्पतीचा डबा तिनं त्याच दिवशी वाडीतल्या कुणाला तरी देऊन टाकला. माझ्यासाठी छोटी लोखंडी कढई वेगळी काढली आणि सकाळी बाटली भरायचं काम स्वतःकडे घेतलं. फोडणीला टाकलेले थेंब जास्त झाले तर स्वतःवरच चिडायची. मी एकदा पाहिलं, माझी भाजी झाल्यावर बाटलीच्या तोंडाला लागलेलं तेल बोटानं पुसून ती पुन्हा आत सोडत होती.

किसनच्या टाचा

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. भावाचंही रक्त तपासायला हवं. हे रक्तातून येतं, त्याच्यातही असू शकतं, कळून न येताही असू शकतं. आत्ता कळलं तर बरं.

खरं लिहायचं तर हे ऐकून माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते मला आवडत नाही. मनात आलं, मग त्याचंही तूप बंद होईल.

त्या दिवसापासून किसन संध्याकाळी दगडावर पाय धुवायला बसला की मी त्याच्या टाचांकडे बघायचो. गाठी आहेत का? कधी वाटायचं आहेत. कधी वाटायचं नाहीत, नुसती खडीनं फुटलेली कातडी आहे. गाठ दिसली असं वाटलं की वडिलांचा भारा आठवायचा. आणि दिसली नाही की त्याच्या ताटातलं तूप आठवायचं. माझ्या मनातली ही दोन माणसं एकमेकांशी बोलत नव्हती.

एक दिवस जेवताना मी विषय काढला. "किसन, डॉक्टर म्हणाले तुझंही रक्त बघायला हवं."

"मला काय झालंय?" तो म्हणाला. "पहार उचलतो, चढ पळत चढतो. तुज्यासारकी माजी छाती न्हाई आवळत."

"आबांचीही आधी आवळत नव्हती." वडिलांना आम्ही आबा म्हणायचो.

"न्हाई यायचा मी. सुया टोचून घ्यायला पुण्याला कोन जाईल? एक दिस खाडा पडंल."

"खाडा पडू दे."

त्यानं ताटावरचा हात थांबवला. "दादा, खरं सांग. तुला माजं तूप बघवत न्हाई. म्हणून मला बी तुज्या पंगतीला बसवायचंय."

आई म्हणाली, "किसना, थोरल्या भावाशी आसं बोलत्यात व्हय?"

"बोलू दे ना मला. मी साळा सोडली तवा कोन बोललं? ह्यो कॉलेजात गेला, मी घाटात गेलो. ह्याच्यासाठी येगळी कढई, येगळी बाटली. मी ताप घिऊन कामावर गेलतो तवा कुटं व्हती कढई? मला कदी जळताना बघितलंस का तू, दादा?"

तोही जळत होता, आणि मला ते कधी दिसलं नव्हतं. मी त्याच्या ताटाकडे बघत होतो आणि तो माझ्या पुस्तकांकडे.

मी म्हणालो, "तू म्हणतोस ते खरं आहे. मला तुझं तूप बघवत नाही. रोज बघवत नाही. तरी चल."

किसननं वर बघितलं. मी नाही म्हणेन, शपथ घेईन, असं त्याला वाटलं असावं. त्यानं भात कालवला, दोन घास खाल्ले. मग म्हणाला, "रैवारी जाऊ. खाडा पडायचा न्हाई."

"रविवारी रक्त घेत नाहीत."

"मग सोमवारी. पर परत येताना मला पुण्यातली मिसळ खायला घालायची. आन तू समोर बसून बघायचं."

पुण्याची फेरी

रक्त दिलं त्या दिवशी त्यानं खरंच मिसळ खाल्ली, तर्री दोनदा मागून. मी समोर बसून ब्रेड कोरडा खाल्ला. सुई टोचताना तो डोळे घट्ट मिटून माझं मनगट धरून बसला होता. ते मनगट दुसऱ्या दिवशीपर्यंत दुखत होतं. याबद्दल त्यानं आईला सांगायचं नाही असं बजावलं होतं, म्हणून आईला सांगितलं नाही.

निकाल आणायला पुन्हा जायचं होतं. मधले दिवस मला चांगले गेले नाहीत. रोज मी वेगळी गोष्ट मागत होतो. सकाळी वाटायचं, त्याचं रक्त स्वच्छ निघू दे. तो जेवायला बसला की ती इच्छा पातळ व्हायची. पण एक संध्याकाळ अशी आली की किसन कामावरून आला आणि चढाच्या मध्यावर थांबला. बुटातला खडा काढायला थांबला होता, हे मला नंतर कळलं. मी वरून बघत होतो. त्यानं खांद्यावरची पहार खाली ठेवली आणि वाकला. आबांनी भारा ठेवला होता तसा. मी अनवाणी पळत खाली गेलो. छाती आवळली, तरी पळालो. तो म्हणाला, "काय झालं? म्हस सुटली का?"

मी म्हणालो, "व्हय." दुसरं काही सुचलं नाही. आणि परत वर जाताना दोघंही न सुटलेली म्हैस शोधत गेलो. त्या दिवसानंतर मला सकाळीही एकच मागायचं होतं, आणि जेवतानाही तेच मागायचं होतं.

निकालाच्या दिवशी डॉक्टरांनी किसनचा कागद वाचला, त्याच्या टाचा दाबून बघितल्या, कोपर बघितले. म्हणाले, "तुझ्यात ते आलेलं नाही. रक्त साधं आहे. जेव, फिर. दोनतीन वर्षांनी एकदा दाखव, बस."

माझ्या छातीत काहीतरी आवळलं. मी सवयीनं श्वास मोजायला लागलो. ते नेहमीचं दुखणं नव्हतं. ते सुटलं आणि त्याच्या मागोमाग ओळखीचा तो जळफळाट आला, आहे तसा, जराही कमी न होता. तो आल्याचं मला बरं वाटलं, हे लिहिलं तर कुणाला पटेल का ते माहीत नाही. ज्याचा हेवा करता येईल असा भाऊ मला अजून होता.

माझंही रक्त या वेळी उतरलं होतं. डॉक्टर म्हणाले, सगळं उतरणार नाही, तशी आशा धरू नकोस, पण असंच चालू ठेव. चढावर छाती अजून आवळते, पण आधीइतकी नाही, आणि मी आता थांबायला लाजत नाही.

बाकावर भेटलेल्या त्या बाईंना मला एवढंच सांगायचं होतं. मुलाला चांगलं तेल वरून घालू नका, वाईटाच्या जागी घाला. दिवसाचं सकाळीच काढून ठेवा, म्हणजे संध्याकाळी भांडण होणार नाही. आणि तो दुसऱ्याच्या ताटाकडे बघून रागावला तर त्याला रागावू द्या. तो वाईट झालेला नाही. त्याला भूक आहे.

किसनचा निकाल घेऊन आलो त्या संध्याकाळी आईनं आंबेमोहराचा भात केला. थंडीनं गाडग्यातलं तूप घट्ट झालं होतं. आई वाढायला उठली, तर मी म्हणालो, "आज मी वाढतो." मी पळीनं थोडं तूप काढलं आणि किसनच्या भातावर ठेवलं.

"दादा," तो म्हणाला, "हात आखडला तुजा. डॉक्टर म्हनलेत, जेव."

मी पळी पुन्हा गाडग्यात घातली, या वेळी खोल. मोठा गोळा आला. तो त्याच्या भातावर ठेवला आणि माझी बाटली घेऊन समोर बसलो. तळाशी चटणीपुरतं तेल उरलं होतं, ते चटणीवर ओतलं. गरम भातावरचा गोळा कडेनं सुटायला लागला, मग मधून खचला, आणि सोन्यासारखं होऊन भातात जिरला. मला ते बघवत नव्हतं. मी शेवटपर्यंत बघितलं.